घरबसल्या कामाचा दर : वर्धा, 1935

गेल्या महिन्याभरात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. दोघं नात्यातले, एक ब्लॉगवरची जुनी ओळख. "तू घरी बसून नेटवरून भाषांतराची कामं करतेस ना? मग चांगले पैसे देणारं काम कुठे मिळतं ते सांग की." प्रत्येकाला वाटतं की माझ्याकडे कुठल्यातरी साइटचं नाव आहे आणि मी ते दडवून ठेवलंय :-)

नाव वगैरे काही नाही. पण हा प्रश्न आमच्या वर्ध्याला नवा नाही. आपल्या घरात, आपल्या वेळेत, नगावर काम, माल नेणारा कुणी दुसराच, आणि दर ठरवणारा तिसरा... या गणितावर इथे 1935 साली मोठी डोकेफोड झाली होती. तेव्हा काम होतं सूत कातण्याचं.

आधी आजची तऱ्हा थोडक्यात. ईलान्स 1999 मध्ये सुरू झाली, ओडेस्क 2003 मध्ये, पुढे दोन्ही एकत्र होऊन 2015 पासून त्यांचं नाव अपवर्क झालं. 2010 मध्ये फायव्हर आली. तिच्या नावातच दर आहे: सुरुवातीला कुठलंही काम पाच डॉलरला, आणि त्यातला एक डॉलर साइटचा. म्हणजे किंमत आधी ठरली, काम मागून आलं. मला हे फार बोलकं वाटतं. माणसाला जगायला किती लागतं, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच येत नाही. यायचं कारणही नाही म्हणा, तो बाजार आहे.

गंमत म्हणजे खादीचंही सुरुवातीला असंच होतं. अखिल भारतीय चरखा संघ 1925 च्या सप्टेंबरात पाटण्याला स्थापन झाला. गावोगावच्या बायका घरी सूत कातायच्या आणि केंद्रावर नेऊन द्यायच्या. मजुरी गुंडीवर. एक गुंडी म्हणजे 640 तार, एक तार चार फुटांचा. गुंडी तपासायची, सुताचा नंबर बघायचा, कस बघायचा, सूत एकसारखं आहे का बघायचं आणि मग पैसे. दिवसभर कातून हातात फार तर आणा-दोन आणे पडायचे. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग, ती विकली जावी म्हणून भाव खाली ठेवायचा, आणि भाव खाली ठेवायचा म्हणजे कातणारीची मजुरी खाली. कारण या सगळ्या साखळीत "परवडत नाही" असं म्हणून उठून जाण्याची सोय तिलाच सर्वांत कमी होती. रिकाम्या वेळात चार पैसे मिळतात तेही काय वाईट, असा युक्तिवाद तेव्हाही होता. आज मला तो दर आठवड्याला ऐकायला मिळतो!

गांधीजी 1934 मध्ये वर्ध्याला आले. त्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि घर दिलं, तीच मगनवाडी. (नाव मगनलाल गांधींचं. चरख्यासाठी ते अखेरपर्यंत राबले, 1928 मध्ये वारले.) ग्रामोद्योगाचा विचार करताना प्रश्न निघाला की खेड्यातल्या कारागिराला आपण किती दिलं पाहिजे. एकदा हा प्रश्न तेलघाणी आणि कागदासाठी विचारला की चरख्याला कसा टाळणार? गांधीजींचं म्हणणं होतं की आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळायला हवेत. तासाला एक आणा. आणि काम कोणतंही असो, बाईचं असो की पुरुषाचं.

खादीची केंद्रं चालवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला असणार. आठ आणे दिले तर खादी घेणार कोण?

इथे जवळच नालवाडीला विनोबा होते, 1932 पासून. सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी चर्चा करून नाही तर स्वतः रोज आठ-आठ तास कातून आणि त्या मजुरीत जेवण बसवून पाहिलं. मला या सगळ्या प्रकरणात हा माणूस सर्वांत जास्त पटतो. दर ठरवणाऱ्याने आधी त्या दरावर जगून बघावं, इतकी साधी अट. मगनवाडीत त्याच सुमारास गांधीजींचे आहाराचे प्रयोग चालू होते: सोयाबीन, कडुनिंबाचा पाला, चिंच. पाहुण्यांच्या ताटात काय पडत असेल ते आठवून हसू येतं, पण त्यामागेही स्वस्तात पुरेसं पोषण कसं मिळेल हाच हिशेब होता.

ऑक्टोबर 1935 मध्ये चरखा संघाच्या मंडळाची बैठक वर्ध्यात झाली आणि ठराव झाला. सध्याची मजुरी अपुरी आहे. आठ तास कार्यक्षमतेने काम करणाऱ्याला निदान शास्त्रीय प्रमाणाप्रमाणे अन्न आणि वर्षाला 20 वार कापड मिळेल इतकी ती असावी. एवढ्यावर न थांबता पुढे म्हटलं होतं की हळूहळू ती कुटुंबाचं नीट पोषण होईल इथवर न्यावी. प्रत्यक्षात किमान दर धरला गेला तीन आणे. मागितले आठ, निघाले तीन! तीन आण्यांच्या होतात 36 पै, म्हणजे तासाला साडेचार पै. आज हे हास्यास्पद वाटेल. पण हिशेबाची दिशा उलटली होती. "कापड कितीला खपेल" इथून खाली न येता "पोटाला किती लागतं" इथून वर जायचं.

त्या ठरावातला "कार्यक्षमतेने" हा शब्द मात्र मला टोचतो. पैसे शेवटी गुंडीवरच मिळायचे. म्हणजे जिचा हात सावकाश, चाती वाकडी, पेळू खराब, तिच्या आठ तासांचे तीन आणे होत नसत. कापूस पिंजणं, पेळू करणं, तुटलेली माळ बांधणं, केंद्रापर्यंत चालत जाणं हा वेळ तिचा तिलाच सोसावा लागे. मीही शब्दावर पैसे घेते. काम मिळवण्यासाठी लिहिलेले अर्ज, फुकटचे नमुने, गिऱ्हाइकाच्या फायली दुरुस्त करणं, पैशांसाठी पाठवलेल्या आठवणी, हे कोणत्या शब्दात मोजायचं? तासाचा खरा दर काढायचा असेल तर हे सगळे तास भागाकारात घ्या. आकडा बघून दचकाल. ज्यांनी विचारलं त्यांना मी पहिलं हेच करायला सांगते.

ठराव कागदावर राहिला नाही, याचं श्रेय माझ्या मते एका रुक्ष गोष्टीला आहे: प्रमाणपत्र. खाजगी व्यापारी खादी विकू शकत, पण संघाचं प्रमाणपत्र हवं असेल तर संघाच्या दराने मजुरी द्यायची. आणि खादी घालणाऱ्याने प्रमाणितच खादी घ्यावी, हा आग्रह. दर टिकला तो गिऱ्हाईक प्रमाणपत्र विचारत होतं म्हणून. कातणाऱ्या बायका गावोगाव विखुरलेल्या, एकमेकींना न ओळखणाऱ्या. त्यांनी एकत्र येऊन दर मागणं जवळपास अशक्य होतं. इंग्लंडात क्रॅडली हीथला घरामागच्या भट्टीवर साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी ते करून दाखवलं होतं. 1909 च्या कायद्याने मंडळ नेमलं, त्याने तासाला अडीच पेन्स दर ठरवला, मालक देईनात, तर 1910 मध्ये मेरी मॅकार्थर यांच्या पुढाकाराने त्या दहा आठवडे अडून बसल्या आणि जिंकल्या. पण त्या एका गावच्या होत्या, शेजारणी होत्या. आमच्या धंद्यात माझी स्पर्धक कुठल्या देशात बसलीय हेही मला माहीत नसतं.

वाढीव मजुरीची किंमतही मोजावी लागली. खादी महागली, पहिल्या फटक्यात उत्पादन घटलं, मग पुढच्या वर्षांत सावरलं. उत्पादन घटलं म्हणजे काही घरांत गुंड्या पडून राहिल्या. त्या बायकांना तीन आणे चांगले की आधीचा एक, हे कुणी विचारलं असतं तर उत्तर काय आलं असतं? शिवाय कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरलीच पाहिजे आणि मजुरीचा काही भाग त्यासाठी ठेवायचा, असा नियम होता. हेतू चांगला असेल, पण आपली मजुरी कशी खर्चायची हे दुसऱ्याने ठरवलेलं मला तरी आवडलं नसतं. 1944 मध्ये तुरुंगातून सुटल्यावर तर गांधीजींनी संघाचं सगळं धोरणच फिरवायला घेतलं: मजुरीसाठी नको, स्वतःच्या कापडासाठी काता.

असो. 1948 चा किमान वेतन कायदा आला तेव्हा त्याच्या "कर्मचारी" या व्याख्येत माल घरी नेऊन काम करून देणारा कामगारही धरला होता. नगावर घरी राबणारी बाई निदान शब्दांत तरी कायद्यात आली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या प्रथमच झाली. ती योजनांसाठी, विमा-बिमा अशा गोष्टींसाठी. शब्दाला किंवा तासाला किमान किती, यावर त्यात काही नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर बरे पैसे देणारी कामं मला साइटवर क्वचितच मिळाली. ती मिळाली आधीच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याला नाव सांगितलं म्हणून. नागपूरच्या दोघी आणि इथली मी, अशा तिघींनी दोन वर्षांपूर्वी ठरवलं की अमुक दराखाली कुणीच काम घ्यायचं नाही, आणि जास्तीचं आलं तर एकमेकींकडे पाठवायचं. पहिले चार महिने माझ्याकडे जवळजवळ काही नव्हतं. त्यातल्या एकीने मध्येच कमी दरात एक मोठं काम घेतलं, घरी आजारपण होतं, आम्ही काही बोललो नाही. ती अजून आमच्यातच आहे. दर मात्र तोच ठेवलाय, आणि या दिवाळीनंतर वाढवायचा का यावर फोन चालू आहेत.