सातवीवर थांबलं तर काय राहून जातं



मागच्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि मग गप्पा सुरू झाल्या. एक ताई म्हणाल्या, "पोरगी सातवी पास झाली. लिहिता-वाचता येतं, हिशेब येतो. आठवीला दुसऱ्या गावाला जावं लागतं. पुरे झालं आता." दोघीतिघींनी माना डोलावल्या. आम्हालाही लगेच उत्तर सुचलं नाही. म्हणून आम्ही सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तकं गोळा केली आणि समोर मांडून बसलो. त्यासोबत जुना इतिहासही चाळला. आज तेच तुम्हाला सांगतो.

आधी सांगा, 'सातवी पास म्हणजे पुरे' हे आपल्या डोक्यात आलं कुठून? पूर्वी मुंबई इलाख्यात सातवीला फायनलची परीक्षा असे. ती पास झालेला माणूस गावात शिकलेला म्हणून ओळखला जाई, शाळेत मास्तरही होई. पुढे महाराष्ट्रातही प्राथमिक शाळा पहिली ते सातवीचीच राहिली. त्यामुळे सातवी म्हणजे शिक्षणाची वेस, असं मनात बसलं.

आपल्या नांदेड-लातूरकडची गोष्ट तर आणखी वेगळी. आपण निजामाच्या राज्यात होतो. लातूर तेव्हा जिल्हाही नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्हा झाला तो १९८२ साली. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथं वरचं शिक्षण इंग्रजीऐवजी उर्दूतून दिलं जाई. आपल्या देशातल्या भाषेत विद्यापीठ चालवणं ही मोठीच गोष्ट होती. पण मराठी, तेलुगू आणि कानडी घरातल्या लेकरांना ती घरची भाषा नव्हती. लेकरू वरच्या वर्गात गेलं की गणिताला 'रियाझी' म्हणायचं, इतिहासाला 'तारीख' आणि भूगोलाला 'जुगराफिया'. उर्दू गोडच भाषा आहे. पण जे घरात कानावर पडत नाही, त्यातून अपूर्णांक आणि व्याज शिकणं किती जड गेलं असेल! मुलगे कसेबसे शिकले. मुलींना तिथवर धाडणारी घरं फारच थोडी.

म्हणून आपल्याकडच्या जाणत्या माणसांनी मराठीतून शिकवणाऱ्या शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ सालची. स्वामी रामानंद तीर्थ तिथं शिकवत होते. पुढे ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले आणि तिथून मुक्तीच्या लढ्यात उतरले. आपल्या लढ्याचा नेता आधी शाळामास्तर होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात.

पण शाळा मराठी झाली म्हणून मुलामुलींचा अभ्यास एक झाला, असं नाही. त्या काळी देशात पुष्कळ ठिकाणी समज असा, की मुलींना गणित आणि विज्ञान झेपत नाही. त्यांना शिवण, स्वयंपाक आणि गृहशास्त्र शिकवावं, म्हणजे झालं. या समजाला तोंड दिलं हंसाबेन मेहता यांनी. त्या आपल्या घटना समितीच्या सभासद होत्या. स्वातंत्र्याच्या रात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज त्यांनीच सभागृहाला अर्पण केला होता. जगाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष समान' अशा अर्थाचं वाक्य येत होतं. ते बदलून 'सगळी माणसं समान' असं व्हावं, म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १९६० नंतर मुलामुलींच्या अभ्यासक्रमाचा विचार करायला एक समिती नेमली गेली, तिच्या अध्यक्ष याच होत्या. समितीनं सांगितलं, की लहान आणि मधल्या वर्गांत मुलांचा वेगळा आणि मुलींचा वेगळा अभ्यास नको.

त्यानंतर १९६४ साली कोठारी आयोग बसला आणि १९६६ साली त्याचा अहवाल आला. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडच्या आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. आयोगानं सांगितलं, की पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असावं, मुलगा असो की मुलगी. हातानं काम करण्याचा विषयही सगळ्यांना असावा. आपण शाळेत 'कार्यानुभव' म्हणत होतो ना, तो याच विचारातून आला. महाराष्ट्रात नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. म्हणजे भावाच्या आणि बहिणीच्या दप्तरात सारखीच पुस्तकं असणं, ही काही आजीच्या काळापासून चालत आलेली रीत नव्हे. कुणीतरी भांडून, पटवून ती आणली आहे.

आता ती पुस्तकं उघडू या.

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद येते. सातवीत संविधान आणि आपले मूलभूत हक्क येतात. आठवीत संसद येते आणि न्यायालयं येतात. गाव, मग हक्क, मग देश, अशी ही चढण आहे. सातवीवर थांबलेल्या मुलीला हक्क आहेत हे कळतं, पण ते मागायला कोणत्या दारात जायचं, तो धडा पुढच्या पुस्तकात राहतो.

इतिहास पाहा. सातवीत शिवाजी महाराज आणि स्वराज्य आहे, औरंगजेबाशी झुंजणाऱ्या महाराणी ताराबाई आहेत. पण आपला मराठवाडा मुक्त कसा झाला, हैदराबाद संस्थान भारतात कसं आलं, हे आठवीत आहे. म्हणजे सातवीवर शाळा सोडलेली आपली लेक आपल्याच मातीचा लढा पुस्तकात न वाचताच घरी येते.

विज्ञानात सातवीला अन्न सुरक्षित कसं ठेवावं, ते आहे. आठवीत रोग कसे पसरतात ते येतं, शरीरातलं रक्त आणि हिमोग्लोबिन येतं. आपल्या बायांना दवाखान्यात रोज ऐकावा लागणारा हा शब्द! भूगोलातही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आपण कुणीच विसरलो नाही. पृथ्वीच्या पोटात काय आहे, हा धडा आठवीच्या भूगोलात आहे.

आणि गणित. हे तर बचत गटाच्या बायांनी नीट ऐकावं. सातवीत सरळव्याज आहे, चक्रवाढ व्याज आठवीत आहे. समजा एखादीनं बाहेरून १०,००० रुपये उचलले, शेकडा ३ रुपये महिन्यानं. वर्षाचे झाले शेकडा ३६. दोन वर्षं काहीच फेडता आलं नाही. सरळव्याजानं व्याज ७,२०० रुपये, एकूण देणं १७,२००. चक्रवाढीनं पहिल्या वर्षाअखेर देणं १३,६००. दुसऱ्या वर्षी व्याज या १३,६०० वर चढतं, ४,८९६ रुपये. एकूण १८,४९६. फरक १,२९६ रुपयांचा. व्याजावर दरमहा व्याज लावलं, तर फरक आणखी वाढतो. सातवीपर्यंतच्या मुलीला पहिला हिशेब येईल. दुसरा हिशेब मात्र समोरचा सांगेल तसा मानावा लागेल.

हा हिशेब आम्ही त्या बैठकीत परत जाऊन फळ्यावर मांडला. ज्या ताई 'पुरे झालं' म्हणाल्या होत्या, त्या बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे खरं कामाचं तर पुढंच आहे." पण लगेच पुढं म्हणाल्या, "वाट कोण चालून देणार तिला?"

प्रश्न खरा आहे. कंधार-मुखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तर तो आणखीच खरा. नुसतं 'मुलगी शिकवा' म्हणून भागत नाही. म्हणून कामाच्या तीन गोष्टी सांगतो. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात ६ ते १४ वर्षांच्या लेकराला आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. कायद्यानं वेस सातवीवरून आठवीवर सरकवली, आपल्या मनातली वेस तेवढी जागीच राहिली. दुसरी गोष्ट, गावातून बाहेर शाळेला जाणाऱ्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत एसटी पासाची योजना आहे. मुख्याध्यापकांकडे पासाची चौकशी करा. तिसरी गोष्ट, शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. गावात आठवीचा वर्ग का नाही, एसटी शाळेच्या वेळेला का येत नाही, ऊसतोडीच्या हंगामात लेकरांच्या राहण्याची सोय काय, हे प्रश्न तिथं विचारायचे असतात. एकटीनं विचारायला जड जातं. गटानं मिळून जा.

पुढच्या बैठकीत एक करा. हप्ते झाले की गावातल्या आठवीच्या एखाद्या मुलीला बोलवा. तिला म्हणा, बाई, आमच्या वहीतलं हे व्याज जरा मांडून दाखव. ती मांडेल तेव्हा तिची आई तिच्याकडे कशी बघते, तेही बघा. मग सातवी झालेल्या पोरीचं काय करायचं, ते बोलायला बसा.