धारणीत 'लोकल' काय मिळतं?

नवीन शहरात गेलो की माझा एक ठरलेला कार्यक्रम असतो. दिवसभर क्लायंटच्या ऑफिसात डोकं पिकवायचं आणि संध्याकाळी गावातली बरीशी क्राफ्ट बिअर शोधायची. ह्या शोधाचे माझे तीन नियम आहेत. एक, जिथे बनते तिथेच प्यायची. दोन, काउंटरवरच्या पोऱ्याला नाही, बनवणाऱ्याला विचारायचं. तीन, जी दुसऱ्या गावात मिळणार नाही ती मागायची. बंगलोरपासून बर्लिनपर्यंत ह्या नियमांनी कधी दगा दिला नाही. दिला तो धारणीत.

तर झालं असं. मी मूळचा अकोल्याचा, पोटापाण्यासाठी पुण्यात. शाळेतला एक जिगरी दोस्त धारणीला मास्तर आहे आणि दरवर्षी 'येतो येतो' म्हणून मी त्याला टांग मारत होतो. मागच्या एप्रिलमध्ये एकदाचा गेलो. अकोल्याहून परतवाडा, मग घाट, सेमाडोह, हरिसाल आणि धारणी. हे मेळघाटातलं तालुक्याचं गाव. पुढे थोडं गेलं की मध्य प्रदेश. मोबाईलची रेंज घाटातच गेली होती, तेव्हा नकाशावर 'निअर मी' करायचा प्रश्नच नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा सवयीने विचारलं, "काय बे, इथलं लोकल काय भेटते?"

दोस्त हसला. "सकाळी पाचला ऊठ. दाखवतो."

पाचला उठणं माझ्या धर्मात बसत नाही, पण उठलो. गावाबाहेर एका मोहाच्या झाडाखाली गेलो. जमीन आधीच झाडून स्वच्छ केलेली. पांढुरकी, मांसल, मण्यांसारखी फुलं टपटप पडत होती आणि एक कोरकू आजी नातवंडांसोबत ती टोपलीत वेचत होती. मार्च-एप्रिलमध्ये हा रोज पहाटेचा उद्योग. आजीने मूठभर फुलं हातावर ठेवली. एक तोंडात टाकलं. गोड, रसाळ, आणि मागून एक उग्र वास. ही फुलं वाळवून ठेवतात, भाजून खातात, भाकरीत घालतात. पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली आणि चुलीवर मडक्यात गाळली, की मोहाची दारू. आपण 'पहिल्या धारेची' हा शब्द गप्पांत सर्रास वापरतो ना, तो ह्या गाळण्यातलाच. पहिली धार सगळ्यात कडक.

आता ही काही बिअर नव्हे, गाळलेली दारू आहे, हे मान्य. पण माझे तीनही नियम इथे फिट बसत होते. बनते तिथेच, बनवणारी समोर, आणि पुण्यात न मिळणारी. मी खिशात हात घातला आणि दोस्ताला हळूच म्हटलं, "आजीला विचार ना, एक बाटली..."

तो एकदम गंभीर झाला. "तू फोटो काढशीन, पोस्ट टाकशीन अन् पुण्याले चालला जाशीन. केस तिच्यावर होईन बे."

मी गप्प बसलो. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. झाड जंगलातलं, फूल आपोआप पडलेलं, मडकं घरचं. मग ह्यात केस कुठून आली? परत आल्यावर दोन वीकेंड त्यातच गेले. जे हाती लागलं ते असं.

इंग्रजांच्या आधीही दारूवर कर होते, पण घरोघरच्या मडक्यांवर हिशेबनीस बसवले ते इंग्रजांनी. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. तेवढ्याने भागेना म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी चक्क 'म्हौरा अ‍ॅक्ट' आला. म्हणजे दारूवर नाही, मोहाच्या फुलावरच बंधन! फूल घरात असेल तर दारू गाळणार, दारू गाळली तर सरकारी दुकानातली खपणार नाही, असं साधं गणित.

आपला वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. १८५३ ला निजामाकडून तो इंग्रजांच्या कारभारात आला आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडला गेला. पण अबकारीचं तंत्र सगळीकडे साधारण सारखंच. आधी भट्टी लावायच्या हक्काचा लिलाव, जो जास्त पैसे देईल तो ठेकेदार. पुढे जमेल तिथे एकाच मोठ्या सरकारी देखरेखीच्या भट्टीत दारू गाळायची आणि गॅलनवर कर घ्यायचा. कालपर्यंत जो स्वतःची गाळत होता तो आता ठेकेदाराचा गिऱ्हाईक झाला. बरेचदा उधारीचा. १९२२-२३ मध्ये दक्षिण गुजरातेत आणि लगतच्या भागात आदिवासींनी 'देवी'च्या नावाने दारू सोडली, त्यात व्यसनाइतकाच राग ह्या दारूवाल्या सावकारांवर होता.

मग स्वातंत्र्य आलं. मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदाही इकडे आला. त्यातही मोहफूल होतंच! मुंबईची कडक दारूबंदी नंतर सैल झाली. परमिट काढून प्यायची सोय झाली. आपल्या बारच्या पाट्यांवर अजूनही 'परमिट रूम' लिहिलेलं असतं ते त्यातूनच. म्हणजे शहरातल्या पिणाऱ्याला कागद मिळाला, जंगलातल्या बनवणारीला नाही.

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी. हॉप्स परदेशातले, कृती जर्मन, आणि आम्ही मंडळी 'लोकल' म्हणून खूश. (मीही. अजूनही आहे.) मधल्या काळात आजीच्या बाजूनेही काही घडलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर जंगलात राहणाऱ्यांचा मालकी हक्क मानला. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंधही सैल केले. म्हणजे आता फूल तिचं, वाळवणं तिचं, विकणं तिचं. परवान्याशिवाय मडक्यात गाळलं की मात्र गुन्हा.

आणि थोडं उत्तरेला सरका. कोरकू तिकडेही आहेत, खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूलकडे. भाषा तीच, झाड तेच. पण मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरती दारू गाळायची मर्यादित सवलत आहे. वर आता तिथे आदिवासी बचत गटांनी बनवलेली मोहाची दारू 'हेरिटेज' म्हणून बाटलीबंद करायचं धोरणही आलंय. एकाच घरातल्या दोन बहिणी हद्दीच्या दोन बाजूंना दिल्या, तर एकीची रीत आणि दुसरीचा गुन्हा.

इथे लगेच 'मग सगळं खुलं करा' म्हणायचा मोह होतो (कोटी अनावधानाने). पण दोस्ताने मला तिथेही थांबवलं होतं. त्याच्या वर्गातल्या काही पोरांचे बाप दारूने गेलेत. गडचिरोलीत १९९३ ला दारूबंदी झाली ती लोकांच्याच चळवळीतून. 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारून बायांनी दुकानं बंद पाडलीत. आणि चोरून बनणाऱ्या दारूचा धोका वेगळाच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती कारखान्यातल्या मिथेनॉलने. फुलाने नव्हे. लपवाछपवी आली की बाटलीत काय आहे ते कोण तपासणार?

मला वाटतं, पिणं चांगलं की वाईट हा इथला मूळ प्रश्नच नाही. ठरवणार कोण, हा आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला नशेच्या पदार्थांवर बंदी घालायचा किंवा नियमन करायचा अधिकार सांगितलाय, आणि धारणी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. आजीचं गाव बसून म्हणालं, नको, तर नको. म्हणालं, सणापुरती, तर तेवढी. ठेकेदाराने, मुंबईतल्या फायलीने किंवा पुण्याहून आलेल्या माझ्यासारख्या हौशी गिऱ्हाइकाने ते ठरवू नये.

असो. धारणीत मी एक थेंबही चाखला नाही. येताना आजीकडून किलोभर वाळलेली फुलं घेतली, सांगेल त्या भावाने. आईने त्यांचे तीळ घालून लाडू केले. ऑफिसात डबा उघडला तर पाच मिनिटांत फस्त, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "अरे, हे कुठे मिळतं?"

माझ्या यादीत आता चौथा नियम आहे. बाटली मागण्याआधी विचारायचं, ही मला दिल्याने देणाऱ्याचं काय होईल?