शाळेने वेळ बदलली

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंतचे. धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नव्हते, म्हणून माझी शाळा सुटली. मुलीला शाळेची वेळ जमत नसेल, तर शाळेने आपली वेळ बदलू नये का, असे तेव्हापासून मनात येई. पुढे वाचनालयातील पुस्तकांतून कळले की, आपल्याकडे काही थोरांनी हे पूर्वीच करून दाखविले आहे.

१८५५ साली जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याने शिकायचे केव्हा? तर रात्री. उत्तर साधेच, पण ते सुचायला तळमळ लागते. रमाबाई रानडे यांनाही अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाच्या कामाला हात घातला आणि प्रौढ बायकांना शिकण्याची वाट मोकळी केली.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी वैधव्य आले. तरी त्या शिकल्या. पुण्यात दिवसा शिक्षिकेची नोकरी करायची आणि संध्याकाळनंतर रात्रशाळेत स्वतः बाकावर बसायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. पदवी मिळाली १९६१ साली, पन्नाशी उलटल्यावर!

१९४५ साली ताराबाई मोडकांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले, त्यात अनुताई सामील झाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरील अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. शिंपले, खडे, पाने हेच शिकविण्याचे साहित्य. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. मग गुरे चरतात तेथेच शाळा भरू लागली; तिचे नाव कुरणशाळा. दिवसा कामावर जाणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग झाले. मोठ्या मुली भावंडांपायी घरी राहत, म्हणून शाळेला जोडून पाळणाघर आले. हे वाचले तेव्हा माझे डोळे भरून आले. असे पाळणाघर आमच्या गावी असते तर!

आता घरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या खोलीत संध्याकाळी मुलांचा वर्ग भरतो. पहिल्या वर्षी मी मुलांकडून नुसता गृहपाठ उतरवून घेई. मुले कंटाळली, निम्मी येईनाशी झाली. चूक माझीच. मग गोष्टी, गाणी, चिंचोक्यांवर हिशेब सुरू केले, तशी मुले परतली. शाळा सुटल्यावर मुलांना आणखी एक शाळा नको असते, हे मी ठेच लागून शिकले.

ती खोली संध्याकाळी भाड्याने द्यावी, अशी सूचना सभेपुढे आली आहे. पैशाची नड मलाही कळते. पण ज्यांच्या आया सात वाजेपर्यंत कामावर असतात, ती मुले त्या वेळी कोठे जातील? त्यांत एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन येते. त्याला आम्ही कोपऱ्यात सतरंजीवर निजवितो आणि ती पाढे म्हणते.

खोली द्यायचीच तर दुपारची द्या, एवढीच माझी विनंती. संध्याकाळ मुलांची राहू द्या.