वर्कसेल रचना : माणूस आणि यंत्र

वर्कसेल म्हणजे एखादी वस्तू किंवा सारख्या घडणीच्या भागांचे एक कूळ पूर्ण करण्यासाठी लागणारी यंत्रे व माणसे कामाच्या क्रमाने जवळजवळ बसवलेला उत्पादनगट. लेथ एका रांगेत आणि ड्रिलिंग यंत्रे दुसऱ्या रांगेत अशा जुन्या मांडणीत भाग शॉपभर फिरतो. सेलमध्ये तो हातावेगळा होऊनच बाहेर पडतो. मात्र नग थोडे आणि ड्रॉइंग रोज नवे असेल, तर अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील छोट्या जॉबवर्क शॉपला जुनी मांडणीच परवडते.

उल्हासनगरच्या जीन्स शिलाईत सेलचा हिशेब नीट उलगडतो. साडेसात तासांत २२५ पँट काढायच्या, तर दर २ मिनिटांनी एक पँट उतरली पाहिजे. शिलाईचे एकूण काम २४ मिनिटांचे धरले तर कागदावर १२ कारीगर पुरतात. प्रत्यक्षात खिसा, चेन, मांडीची जोड, कमरपट्टी, बारटॅक ही कामे २-२ मिनिटांच्या तुकड्यांत पडत नाहीत. जाड डेनिमच्या जोडावर सुई मोडते, नवा हात मागे पडतो, दुपारी पत्र्याखालच्या उकाड्यात वेग उतरतो. म्हणून प्रत्येकाला शेजारची दोन-तीन कामे यावी लागतात. मांडणी यू आकाराची ठेवली की मागे पडलेल्याच्या मदतीला जाता येते. टेबलाची उंची, उजेड, पंखा आणि खुर्चीची पाठ ही रचनेतलीच कलमे होत. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय द्यावी, ही तरतूद कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये होती.

खरी अडचण मजुरीत असते. कारीगर नगावर पैसे घेत असेल, तर शेजाऱ्याला मदत करणे म्हणजे स्वतःचे नग गमावणे. तो यंत्राजवळ कापलेल्या मालाचा गठ्ठा साठवतो, आणि हा साठा कमी करणे हाच तर सेलचा हेतू! मजुरी गटाच्या उत्पादनावर ठरत नाही तोवर यंत्रे कशीही वळवली तरी सेल नावापुरताच राहतो. उलट, गटमजुरीत संथ माणसावर इतरांचा दबाव येतो. गट लहान व एकमेकांच्या पसंतीचा असल्यास तो सोसतो.

या विचाराचा एक जुना प्रयोग भारतातच झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये स्वयंचलित मागांचे काम पाहिले. तेथे कामगारांची १२ प्रकारच्या कामांत वाटणी होती. मागांचा एकेक संच लहान गटाकडे सोपवल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड घटले. गटांची मांडणी कामगारांनी स्वतः उचलून धरली होती, ही बाब पाठ्यपुस्तके अनेकदा गाळतात.

बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांना हा नमुना जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे यंत्रांमधील अंतर आग, वायुगळती आणि बाहेर पडण्याच्या वाटा पाहून ठरते. माणसांचा विचार मुख्यतः पाळीबदलातील निरोप, नियंत्रण-फलकाची वाचनीयता आणि रात्रपाळीचा थकवा यांभोवती करावा लागतो.