गारांच्या मुलखातलं छप्पर

गारपीट दुपारी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूफर दारात उभा असतो. कोलोराडोत रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याला फोर्ट कॉलिन्सपासून डेन्व्हरवरून खाली कोलोराडो स्प्रिंग्जच्या पलीकडेपर्यंत गावांची जी रांग लागते, तिला सगळे फ्रंट रेंज म्हणतात. तिथली ही आता जुनी रीत झाली आहे. एरवी छप्पर बदलायचं तर मालक कारागीर शोधत फिरतो. इथे कारागीरच घर शोधत येतो. खांद्यावर शिडी, खिशात खडू, ट्रकला कधी टेक्सासची तर कधी ओक्लाहोमाची नंबरप्लेट. मी फोर्ट कॉलिन्सला राहते. या लोकांना दारात पाहत पाहत मला त्यांच्या धंद्याच्या इतिहासाची ओढ लागली. तो जितका कळला त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: इथे छप्पर कोण घालतो हे गारांनी कमी आणि विम्याच्या पैशाने जास्त ठरवलं.

आधी गारांचं. कोलोराडो, वायोमिंग आणि नेब्रास्का ही राज्यं जिथे एकमेकांना भिडतात त्या टापूत वर्षाला सरासरी सात ते नऊ दिवस गारा पडतात. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते, दुपारपर्यंत ढग उंच होतात आणि पुढे मैदानाकडे सरकतात. एवढं इतर ठिकाणीही घडतं. पण डेन्व्हरच मुळात समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर आहे. ज्या उंचीवर पाणी गोठतं ती पातळी इथे जमिनीपासून फार वर नसते, त्यामुळे सखल प्रदेशात जी गार वाटेत वितळून टपोरा थेंब झाली असती ती इथे गारच राहून पत्र्यावर आपटते. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत हा हंगाम असतो.

१८५८-५९ मध्ये सोन्याच्या आशेने माणसं इथे आली तेव्हा त्यांच्या ओंडक्यांच्या खोपटांवर फांद्या आणि वर मातीचा थर असायचा. मातीला गारांचं काही नव्हतं. पावसाने मात्र ते छप्पर आतल्या माणसांवर गळायचं. एप्रिल १८६३ मध्ये डेन्व्हरचा व्यापारी भाग जळाला आणि शहराने कायदा केला की नवी बांधकामं विटांची किंवा दगडाचीच हवीत. जुन्या डेन्व्हरची लाल विटांची घरं आजही त्या आगीचा इतिहास सांगतात. भिंती विटांच्या झाल्या, पण पुढे घरांच्या डोक्यावर लाकूड चढलंच. १८७० मध्ये रेल्वे डेन्व्हरला पोचली, लांबचा माल आणणं सोपं झालं, आणि लाकडी फळ्यांची छपरं या उन्हातान्हात रुळली. ओल्या, गार हवेत वाढलेलं सीडरचं लाकूड इथल्या कोरड्या हवेत आणि उंचावरच्या कडक उन्हात काही वर्षांतच तडकू लागायचं. वरून गार बसली की रेषेत उभं फुटायचं.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली तेव्हा हेच सीडरचं छप्पर प्रतिष्ठेचं झालं. कितीतरी वसाहतींच्या नियमावलीत ते सक्तीचं होतं. डांबरी शिंगल म्हणजे हलका माल, असा सूर असायचा. डांबरी शिंगलचा जन्म मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सचा. हेन्री रेनल्ड्स नावाच्या रूफरने १९०३ च्या सुमारास डांबराच्या गुंडाळीचे तुकडे कापून ते एकावर एक बसवले, आणि बघता बघता अमेरिकेतली बहुतेक घरं त्याच मालाने झाकली गेली. त्यावर दगडाची जाडसर पूड चिकटवलेली असते. गार बसली की ती पूड झडते, खालचं डांबर उघडं पडतं आणि ऊन ते खात जातं. पाणी लगेच गळत नाही. खरी गळती काही वर्षांनी सुरू होते. ही मधली वर्षं नीट लक्षात ठेवायला हवीत, कारण पुढचा सगळा व्यवहार त्याच फटीत उभा राहिला.

फार काळ गारपीट म्हणजे शेतकऱ्याचं दुःख होतं. गव्हाची कणसं झडायची, बीटाची पानं चिंध्या व्हायची. गारांपासून पिकाचा विमा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाला होता. घराचं तसं नव्हतं: आगीचा विमा वेगळा, चोरीचा वेगळा, वारा-गारांचा जोड म्हणून वेगळा घ्यायचा. १९५० मध्ये हे सगळं एका पॉलिसीत बांधून मिळू लागलं, आणि कर्ज काढून घर घेणाऱ्या प्रत्येकाला बँकेसाठी विमा घ्यावाच लागतो. माझ्या मते या धंद्याचं खरं वळण इथे आहे. आता प्रत्येक छपराच्या मागे एक तिसरा माणूस उभा होता, आणि पैसे त्याचे होते.

मोठ्या वादळांनी ही गोष्ट उघड केली. फोर्ट कॉलिन्समध्ये ३० जुलै १९७९ ला पपनसाएवढ्या गारा पडल्या आणि आईच्या कडेवरचं तान्हं मूल गेलं. गारांनी माणूस मरणं अमेरिकेत फार दुर्मिळ. मी इथे राहायला आले ती त्यानंतर बऱ्याच काळाने, पण जुनी माणसं अजूनही ढग हिरवट दिसले की गाडीच्या आधी मुलांना आत घेतात. मग ११ जुलै १९९० चं डेन्व्हर. एलिच गार्डन्स या करमणूक बागेत वीज गेली, फिरता पाळणा अधांतरी थांबला आणि वर अडकलेल्या चाळीसहून अधिक माणसांना गारांनी जखमी केलं. विम्याचं नुकसान ६२.५ कोटी डॉलर. तोवरच्या अमेरिकेतल्या गारपिटींमध्ये सर्वांत महाग. २० जुलै २००९ च्या रात्री डेन्व्हरच्या पश्चिमेकडच्या उपनगरांवर पुन्हा तसंच वादळ आलं, त्याचा आकडा ७६.७ कोटी.

एवढी छपरं एका रात्रीत फुटली की गावातले रूफर पुरत नाहीत. मग वादळांच्या मागे फिरणाऱ्या टोळ्या येतात. त्यांचं काम कसं चालतं ते मी जवळून पाहिलं आहे. माणूस छपरावर चढतो आणि खडूने दहा फूट गुणिले दहा फुटांचा चौकोन आखतो. शंभर चौरस फुटांच्या या मापाला इथे 'स्क्वेअर' म्हणतात आणि छपराचा सगळा भाव त्यातच होतो. चौकोनातल्या प्रत्येक माराभोवती तो वर्तुळ काढतो, मग व्हेंटच्या आणि पन्हळीच्या मऊ पत्र्यावरचे पोचे दाखवतो, कारण पत्रा खोटं बोलत नाही. त्यानंतर विमा कंपनीचा अ‍ॅडजस्टर येतो आणि तीच वर्तुळं पुन्हा मोजतो. मंजुरी मिळाली की साधारण दोन हप्त्यांत पैसे येतात: आधी छपराच्या वयाची घट कापून, आणि राहिलेली रक्कम काम झाल्यावर. यात मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायचा एक वाटा असतो, डिडक्टिबल. दारात आलेला माणूस इथेच गोड बोलायचा: "तुम्हाला एक पैसा लागणार नाही, तो वाटा आमच्याकडे." तो वाटा कुठून तरी निघायचाच. कधी खालचा कागद बदलला जायचा नाही, कधी खिळे कमी ठोकले जायचे, कधी बिलच फुगवलं जायचं. आमच्याच गल्लीत एका कंपनीने पहिला धनादेश घेतला आणि नंतर तिचा फोन लागेना. शेजारच्या आजींच्या घरावर त्या हिवाळ्यात बर्फाखाली ताडपत्री होती. मला त्याचा आजही संताप येतो.

मी कोकणातली. आमचं घर कौलारू, आणि दर वर्षी पावसाआधी ते शाकारलं जायचं. ठरलेला माणूस त्याच्या मुलाला घेऊन यायचा, पाखांवरची कौलं उतरवायचा, वाळवी लागलेले रीप बदलायचा, वानरांनी फोडलेली कौलं काढून नवी घालायचा, आढ्यावरचे कोने पुन्हा बसवायचा. बाबा त्याला खालूनच विचारायचे, "काय रे, वासे काय म्हणतात?" आणि तो वरून जे सांगेल ते बाबा मान्य करायचे. लेखी काही नव्हतं. लागतही नव्हतं, कारण मृगात वळचणीऐवजी माजघरात पाणी पडलं तर पुढच्या वैशाखात त्याला त्याच अंगणात उभं राहायचं होतं. फ्रंट रेंजमधल्या वादळी कंत्राटात नेमकी हीच गोष्ट नाही. छपराचा दोष पाच वर्षांनी दिसतो आणि तोवर ट्रक तीन राज्यं ओलांडून गेलेला असतो.

ही उणीव भरायला अखेर कायदा आला. जून २०१२ मध्ये गव्हर्नर जॉन हिकनलूपर यांनी सही केलेला हा कायदा इथे अजून 'सेनेट बिल ३८' याच नावाने ओळखला जातो. राहत्या घराच्या छपराचं काम घेण्याआधी लेखी करार हवा. त्यात कामाचा आवाका, माल, खर्च, अंदाजे तारखा, रूफरचा पत्ता आणि त्याच्या विम्याचा तपशील हवा. सही केल्यावर ७२ तासांत मालक करार मोडू शकतो. विमा कंपनीने दावा पूर्ण किंवा अंशतः नाकारला तर तेव्हापासून पुन्हा ७२ तास. माल पोचेपर्यंत किंवा बरंचसं काम होईपर्यंत मालकाने दिलेली आगाऊ रक्कम विश्वस्ताप्रमाणे सांभाळायची. आणि डिडक्टिबल भरतो, माफ करतो, परत देतो असं म्हणणंच बेकायदा. एकेक कलम वाचताना मला त्यामागची एकेक फसवणूक दिसते. कोणाच्या तरी ताडपत्रीतून आल्याशिवाय असं कलम सुचत नाही.

त्याच महिन्यात कोलोराडो स्प्रिंग्जला वाल्डो कॅन्यनचा वणवा डोंगर उतरून वस्तीत शिरला आणि ३४६ घरं गेली. लाकडी छपरांचा प्रश्न त्या शहराने दहा वर्षं आधी, २००२ च्या हेमन वणव्यानंतर हाती घेतला होता आणि नव्याने घातल्या जाणाऱ्या छपरांवर सीडर बंद केलं होतं. पुढे राज्यानेही वसाहतींना बजावलं की जळाऊ छपराची सक्ती करता येणार नाही. आगीला आणि गारांना एकाच छपराने तोंड द्यायचं, अशी इथली गरज आहे. आगीसाठी 'क्लास ए', गारांसाठी 'क्लास ४'. हा क्लास ४ ठरवणारी अंडररायटर्स लॅबोरेटरीजची चाचणी १९९६ ची: दोन इंचांचा पोलादी गोळा वीस फुटांवरून एकाच जागी दोनदा सोडायचा आणि शिंगलच्या पाठीला चीर गेली का ते पाहायचं. असं छप्पर घातलं तर पुष्कळ विमा कंपन्या हप्त्यात सूट देतात. इथे मात्र एक विचारून ठेवावं लागतं. काही कंपन्या त्या सुटीच्या बदल्यात 'फक्त दिसण्यापुरतं नुकसान' भरपाईतून वगळतात.

माझ्या परसात फुटभर लांबीरुंदीचा फोमचा एक चौकोन ठेवलेला असतो, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड कागदात गुंडाळलेला. गार पडली की त्यावर खळगा उमटतो. १९९७ च्या जुलैत फोर्ट कॉलिन्सला पूर आला; गावाच्या एका टोकाला पावसाने कहर केला होता आणि दुसऱ्या टोकाला किरकोळ सरी होत्या. त्यातून कोलोराडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या हवामान केंद्रातले नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये घराघरांतून पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं जाळं उभं केलं, 'कोकोराज'. मी त्यातलीच एक. संशोधनासाठी हा चौकोन मोलाचा आहेच, पण गल्लीतल्या भांडणातही तो कामाला येतो. नुकसान कोणत्या तारखेच्या गारांनी झालं, यावर दावा उभा राहतो किंवा पडतो, आणि कॅलेंडरवरच्या तारखेसह ठेवलेला खळग्यांचा कागद पाहिला की अ‍ॅडजस्टरचा सूर बदलतो.

८ मे २०१७ ला लेकवुड, गोल्डन आणि व्हीट रिजवर जे कोसळलं ते या राज्यातलं सर्वांत महाग: २३० कोटी डॉलर. कोलोराडो मिल्स हा मॉल नोव्हेंबरपर्यंत बंद होता. त्यानंतरच्या वर्षांत विमा कंपन्यांनीही आपली बाजू आवळली आहे. पूर्वी डिडक्टिबल हजार डॉलर असा ठरीव आकडा असायचा. आता वारा-गारांसाठी तो घराच्या विमा रकमेच्या एक-दोन टक्के असतो. पाच लाखांच्या घराला दोन टक्के म्हणजे दहा हजार डॉलर, खिशातून.

इथे नव्याने घर घेतलेली आपली मुलं गारा पडल्या की फोन करतात, "काकू, दारात माणूस आलाय, सही करू का?" मी सांगते, आज नको. गावाच्या बांधकाम खात्याकडे त्याचं नाव आहे का बघा. दुसऱ्या गल्लीत त्याने दहा वर्षांपूर्वी घातलेलं छप्पर दाखवायला सांगा आणि त्या घरमालकाशी बोला. डिडक्टिबल माफ करतो म्हणाला तर तिथेच दार लावा.

हे सगळं मालकावर टाकावं लागतं याचं कारण साधं आहे. केस कापणाऱ्याला कोलोराडोत राज्याचा परवाना लागतो, वीजवाल्याला आणि नळवाल्याला लागतो. रूफरला अजून लागत नाही. काही शहरं आणि काउंट्या आपापले परवाने देतात. डेन्व्हरला वेगळा, कोलोराडो स्प्रिंग्जच्या भागात पाइक्स पीक रीजनल बिल्डिंग डिपार्टमेंटचा वेगळा, आणि हद्दीबाहेर पुष्कळदा काहीच नाही. राज्याचा एकच परवाना हवा, त्यासोबत निदान पाच वर्षांची हमी आणि तिच्यामागे अनामत रक्कम हवी, असं मी आमच्या भागाच्या आमदारांना लिहिलं आहे. दर अधिवेशनाआधी पुन्हा लिहिते.