धूरशोधक केव्हा वाजेल? संगणकाच्या भाकिताची परीक्षा

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे लागलेल्या आगीत १० अर्भकांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनेत धुराची सूचना काही मिनिटे आधी मिळणे निर्णायक ठरते. ती केव्हा मिळेल, याचे भाकीत संगणकीय प्रारूपे करतात.

अमेरिकेतील 'एनआयएसटी' या संस्थेने २००० मध्ये उपलब्ध केलेले 'फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर' हे त्यांपैकी प्रमुख होय. खोलीची लहान लहान चौकटींत विभागणी करून ते उष्णता व धुराचा प्रवाह मोजते.

छताजवळचे तापमान सुमारे १३ अंश सेल्सिअसने वाढले की शोधक वाजतो, असा जुना ठोकताळा आहे. मात्र धुमसत्या आगीत धूर पुष्कळ आणि उष्णता अल्प असते. तेथे तो फसतो. शिवाय हवा मंद असल्यास धूर शोधकाच्या कक्षात उशिरा शिरतो. हा विलंबही प्रारूपात धरावा लागतो.

प्रारूपाच्या परीक्षेसाठी गाद्या, खुर्च्या प्रत्यक्ष पेटवून शोधक वाजण्याची वेळ नोंदवतात व ती भाकिताशी ताडून पाहतात. वस्तूतून किती धूर निघेल, ही माहिती चुकल्यास उत्तरही चुकते. त्यामुळे भारतीय मानक 'आयएस २१८९'नुसार उभारणी आणि नियमित चाचणी यांना पर्याय नाही.