डासाच्या अळीपासून कपाशीच्या बोंडापर्यंत : एका जिवाणूच्या विषाची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एक काकी ताप तपासायला आल्या होत्या. मलेरिया, डेंग्यू दोन्ही नव्हते, साधा व्हायरल ताप होता. पण उठताना त्यांनी एक शंका विचारली. शेजारच्या इमारतीचं काम अर्धवट पडलंय, तिथल्या साठलेल्या पाण्यात कुणीतरी औषध टाकून गेलं होतं. "डॉक्टरानु, डास मारूक म्हणान पाण्यात जंतूच टाकल्यानी म्हणतत. मगे त्या जंतूंनी आमका काय होवचा नाय मां?"

शंका अगदी रास्त आहे. जंतूंचं विष म्हटलं की आपल्याला घटसर्प, धनुर्वात, कॉलरा आठवतात. त्यातल्याच काही विषांना माणसाने औषधाच्या कामाला लावलं. धनुर्वाताचं निष्प्रभ केलेलं विष म्हणजे आपली टीटीची लस. बोटुलिझमचं विष अत्यल्प मात्रेत देऊन तिरळेपणावर आणि स्नायूंच्या आकडीवर उपचार होतात. पण जिवाणूच्या एका विषाने दवाखान्याबाहेर, शेतात आणि गटारात, याहून मोठा प्रवास केला आहे. तो समजून घेतला की काकींच्या प्रश्नाचं उत्तर मिळतंच, शिवाय औषधं कशी वापरावीत याचा एक धडाही मिळतो.

रेशीमकिड्यांचा रोग

१९०१ साली जपानमध्ये रेशीमकिडे अचानक लुळे पडून मरू लागले होते. शिगेताने इशिवाता यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला. दहा वर्षांनी, १९११ मध्ये, जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या मेलेल्या अळ्यांत तसाच जिवाणू सापडला. थुरिंगिया प्रांतावरून त्यांनी त्याला बॅसिलस थुरिंजिएन्सिस असं नाव दिलं. हाच आपला 'बीटी'. जपानमध्ये तो रेशीम उत्पादकांचा शत्रू होता. पण जो किडे मारतो तो पिकावरची कीडही मारेल, हा विचार पुढे आला आणि १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्यापासून केलेलं कीटकनाशक बाजारात आलं.

विष आहे, पण कुणासाठी?

हा जिवाणू प्रतिकूल काळात बीजाणू बनून राहतो आणि त्यासोबत प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. हा स्फटिक म्हणजे तयार विष नव्हे, ते कुलूपबंद विष आहे. ते उघडायला तीन गोष्टी लागतात. पहिली, आतड्यातला तीव्र अल्कधर्मी रस, ज्यात स्फटिक विरघळतो. दुसरी, तिथले पाचकरस, जे प्रथिनाचा नको असलेला भाग कापून टाकतात. तिसरी, आतड्याच्या पेशींवर या प्रथिनाला पकडणारी विशिष्ट जागा, म्हणजे रिसेप्टर. तिन्ही जुळलं की प्रथिन पेशीला भोक पाडतं, पेशी फुगून फुटते, अळी खाणं सोडते आणि मरते.

आपल्या जठरात याच्या उलट स्थिती असते. तिथे तीव्र आम्ल असतं, त्यात हे प्रथिन इतर प्रथिनांसारखं पचून जातं. आणि आपल्या आतड्यात त्याला पकडणारी ती जागाही नाही. म्हणून काकींना सांगितलं, "ह्या विषाक पत्तो लागता, आणि तो पत्तो आमच्या पोटात नाय."

वाळवंटातलं डबकं आणि गोव्यातल्या टाक्या

बीटीच्या वेगवेगळ्या वाणांचे 'पत्ते' वेगवेगळे असतात. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात गोल्डबर्ग आणि मार्गालिट यांना एका डबक्यात मेलेल्या डास-अळ्यांचा थर दिसला. त्यातून मिळालेला वाण म्हणजे 'बीटीआय'. तो डासांच्या आणि काळ्या माशांच्या अळ्यांवर चालतो. पश्चिम आफ्रिकेत नद्यांकाठी काळ्या माशांमुळे लोकांना अंधत्व येत असे. तिथल्या माश्या रासायनिक औषधाला दाद देईनाशा झाल्या, तेव्हा हाच बीटीआय कामी आला.

आपल्या शेजारी गोव्यात १९९०च्या दशकात मलेरिया रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी बांधकामांवर साठलेल्या पाण्यात आणि वापरात नसलेल्या टाक्यांत बीटीआय वापरून पाहिला. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी डास अशाच पाण्यात वाढतो. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने तर स्वतःचा देशी वाण विकसित केला.

याची मर्यादाही लक्षात घ्या. बीटीआय खाल्ला तरच अळी मरते. अळीनंतरची कोष अवस्था काही खातच नाही, आणि उडणाऱ्या डासाचा तर त्याच्याशी संबंधच नाही. त्यामुळे औषध ठरावीक दिवसांनी पुन्हा टाकावं लागतं.

जिवाणू वगळून फक्त विष

१९८१ मध्ये अमेरिकेत श्नेप्फ आणि व्हाइटली यांनी या विष-प्रथिनाचं जनुक वेगळं काढलं. १९८७ मध्ये बेल्जियमच्या गेंट शहरातल्या शास्त्रज्ञांनी त्याचा फक्त कामाचा तुकडा तंबाखूच्या झाडात घातला आणि झाडच अळीनाशक बनलं. जिवाणूच्या भाषेतलं जनुक झाडाला नीट 'वाचता' येत नव्हतं. म्हणून ते झाडाच्या भाषेत नव्याने लिहून काढण्यात आलं.

हे तंत्रज्ञान जालन्याच्या महिको कंपनीमार्फत भारतात आलं. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना मंजुरी दिली. त्यात क्राय१एसी हे एकच विष-प्रथिन होतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. काही वर्षांतच देशातलं ९० टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्र बीटीचं झालं. सुरुवातीला बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या.

"मग सरकीचं तेल खायचं का?" हेही मला बरेचदा विचारतात. विष हे प्रथिन आहे आणि शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरतच नाही. त्यामुळे बीटीच्या भीतीने तेल बदलण्याचं कारण नाही.

अळीही शिकते

एकच शस्त्र, तेच शेत, दरवर्षी. अशा वेळी लाखांत एखादी अळी त्या शस्त्राला पुरून उरते आणि पुढची पिढी तिची असते. हे लांबवण्यासाठी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणं मिळायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग पुरून उरलेल्यांशी जुळतात आणि प्रतिकारक्षमता पातळ होत राहते. पण दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला मुद्दाम अळीसाठी पीक सोडणं परवडणार कसं? बहुतेक ठिकाणी ते लावलंच गेलं नाही. २०१० मध्ये गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. नंतर तिने दुसऱ्यालाही पचवलं. २०१७ मध्ये विदर्भात तिचा मोठा उद्रेक झाला.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती. रस शोषणाऱ्या किडींवर बीटी चालत नाही, म्हणून फवारणी कधी थांबलीच नव्हती. औषधांची मिश्रणं केली गेली, अंगावर संरक्षक साधनं नव्हती. पण मला त्यातला फरक महत्त्वाचा वाटतो. बीटीच्या विषाला पत्ता लागतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांना लागत नाही, ती किडीच्या आणि माणसाच्या मज्जासंस्थेवर सारखाच हल्ला करतात. आपल्याकडे आंब्यावर तुडतुड्यांसाठी फवारणी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फवारणीनंतर तोंडाला पाणी सुटणं, खूप घाम, उलट्या, धूसर दिसणं, बाहुल्या बारीक होणं किंवा श्वासाला त्रास होणं, यातलं काही जाणवलं तर 'उन्हाने झालं असेल' म्हणून झोपू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.

टीबीच्या चार गोळ्या आणि बीटीआयची चार प्रथिनं

आता मूळ धड्याकडे येऊ. १९९०च्या दशकात कोचीमध्ये डासांसाठी बॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जिवाणू वापरला गेला. त्याच्या विषाला अळीच्या आतड्यात एकच जागा पकडता येते. काही वर्षांतच तिथले क्युलेक्स डास त्याला निर्ढावले. बीटीआय मात्र १९८०च्या दशकापासून जगभर वापरात आहे आणि शेता-गटारांतल्या डासांनी त्याला अजून हरवलेलं नाही. कारण त्यात चार मुख्य विष-प्रथिनं एकत्र येतात. चारही कुलपं एकाच वेळी बदलणं अळीला फार कठीण जातं.

टीबीच्या रुग्णाला मी चार औषधं लिहून देतो तेव्हा तो विचारतो, "एवढ्या गोळ्या कशाला?" १९४०च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन एकटंच दिलं गेलं. आधी रुग्ण सुधारले आणि मग टीबीचे जंतू त्यालाच दाद देईनात. तेव्हापासून एकट्या औषधावर विसंबायचं नाही, हे आम्ही शिकलो.

त्यामुळे जिवाणूच्या विषाची भीती बाळगू नका. ते चमत्कार करेल असंही समजू नका. कुठलंही चांगलं शस्त्र एकटं, सतत आणि बेफिकिरीने वापरलं की बोथट होतं, मग ते शेतातलं असो, गटारातलं असो की घरच्या कपाटातली अर्धवट सोडलेली अँटिबायोटिकची पट्टी असो. तुमच्या कपाटात तशी पट्टी असेल, तर पुढच्या वेळी येताना ती घेऊन या आणि मला दाखवा.

काकींनी जाताना अजून एक विचारलं, "म्हणजे आता पाणी साठवलेला चलात?" नाही चालत. साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकणं याला अजून तरी एकही डास निर्ढावलेला नाही.